छडी नको, नकाशा चालेल

पत्र : मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीच्या दिवशी गावोगाव चमत्काराचे प्रयोग करून दाखवते. नारळातून जाळ, लिंबातून रक्त, आणि मग त्यामागचं रसायन. लेक नववीत आहे, तिला फँटसी कादंबऱ्यांचं भारी वेड. 'आई तू पण वाच ना, मग आपण बोलू' म्हणून मागे लागते. मी वाचायला घेते, पण लांब दाढीचा जादूगार आला, त्यानं काठी आपटली आणि सगळं निस्तरलं की माझं मन उडतं. दिवसभर ज्याच्याविरुद्ध बोलायचं तेच रात्री उशाशी घेऊन झोपायचं का? जादू, मंत्र, मांत्रिक नसलेली फँटसी असते का, की हा नाद सोडून देऊ? इंग्रजी वाचते, पण सावकाश. मराठीत काही असेल तर उत्तमच.

उत्तर :

ताई,

नाद सोडू नका. जादूशिवायची फँटसी असते, चांगली असते आणि तुमच्यासारख्या वाचकाला ती दुसरीपेक्षा जास्त रुचेल. दुकानात नुसतं 'फँटसी द्या' म्हटलं तर दाढी-काठीवालाच हातात पडणार, कारण खपतो तोच.

तुमच्या तक्रारीला दोन पदर आहेत. एक तुमच्या कामाचा. मांत्रिकानं अंगारा लावला आणि लेकरू दवाखान्यात उशिरा पोचलं, हे ज्यानं जवळून बघितलंय त्याला पुस्तकातला मांत्रिकही गोड लागत नाही. आपल्या राज्याला 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो काही हौस म्हणून नाही. लंडनमध्ये बसून लिहिणाऱ्याला जादूगार म्हणजे खेळणं वाटतं. आपल्याकडे त्याचा भाऊबंद अजून वेशीबाहेर लिंबू कापत बसलाय. तरी एवढं लक्षात घ्या, की मांत्रिक 'हे खरं आहे' सांगून पैसे घेतो आणि कादंबरीकार 'हे खोटं आहे' असं मुखपृष्ठावरच छापून पैसे घेतो. त्यामुळे लेकीच्या पुस्तकांची धास्ती नको.

दुसरा पदर वाचक म्हणून आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अडचण उभी करायची, फुगवायची आणि सुटेना झाली की मंत्र टाकून मोकळं व्हायचं, ही लेखकाची कामचुकारी आहे. ती तुम्ही बरोबर पकडलीत. तुम्हाला हवं ते असं : जग बनावट असलं तरी चालेल, कार्यकारण मात्र अस्सल पाहिजे. तसली पुस्तकं सांगतो.

पहिलं सशांचं. 'वॉटरशिप डाउन', लेखक रिचर्ड ॲडम्स, 1972. हसू नका. हा माणूस इंग्लंडात सरकारी नोकरीत होता आणि गाडीतून जाताना आपल्या मुलींना ही गोष्ट सांगायचा. ती लिहून काढ म्हणून मुलींनीच पिच्छा पुरवला. वारुळासारखी बिळांची वसाहत, तिच्यावर संकट येणार असं एका किरकोळ सशाला वाटतं, मोजके ससे घर सोडून निघतात आणि नव्या जागी वसाहत करतात. गोष्ट एवढीच. ससे बोलतात, त्यांच्या दंतकथा आहेत, त्यांचा देव आहे, पण धावतात, चरतात, घाबरतात ते सशासारखे. ॲडम्सनं त्यासाठी रोनाल्ड लॉकली या निसर्गअभ्यासकाचं सशांवरचं पुस्तक हाताशी ठेवलं होतं. या सशांना चारपर्यंतच मोजता येतं. पाच म्हणजे 'पुष्कळ', हजार म्हणजेही 'पुष्कळ'.

त्यातला एकच प्रसंग सांगतो, म्हणजे मी हे पुस्तक पहिलं का सांगतोय ते कळेल. टोळी नदीकाठी येऊन थांबलीय. रानात कुत्रा मोकळा सुटलाय, वेळ नाही. तगडे ससे पोहून जातील, पण फायव्हर आणि पिपकिन हे दोघं थकून गेलेत. तिथं काठाला एक लाकडी फळी पडलेली. ब्लॅकबेरी नावाचा ससा ती बघतो आणि त्याच्या डोक्यात येतं, की ही पाण्यावर तरंगते. म्हणजे हिच्यावर बसलेलाही तरंगेल. म्हणजे मागून ढकललं तर पलीकडे जाईल. बाकीच्या सशांना यातलं ओ की ठो कळत नाही. पुढारी हेझल, त्यालाही नीट कळत नाही. पण ब्लॅकबेरीला काहीतरी कळलंय एवढं त्याला कळतं आणि तो त्याच्यावर विसंबून हुकूम सोडतो. दोघं पार होतात. वाचताना अंगावर काटा येतो तो फळीमुळे. कोणी काठी आपटली असती तर पान उलटून पुढे गेलो असतो. आणि पुढाऱ्याला सगळं कळत नसतं, ज्याला कळतं त्याला ओळखणं हे त्याचं काम, हे त्या एका पानात आलंय.

पथ्यापुरतं सांगून ठेवतो : फायव्हरला पुढचं दिसतं, तेवढी एक गोष्ट निसर्गनियमात बसत नाही. शिवाय पुस्तकात माद्यांच्या तोंडी फार थोडं बोलणं आहे. लेक हे पकडेल. पकडू द्या, तुमच्या दोघींच्या गप्पांना तेच बरं. रक्तपात आहे, पण नववीच्या मुलीला चालेल.

दुसरं पुस्तक जणू तुम्हालाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. मेरी ब्रेनन यांचं 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ ड्रॅगन्स', 2013. एका म्हाताऱ्या निसर्गशास्त्रज्ञ बाईचं आत्मचरित्र, देश काल्पनिक, काळ साधारण व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडसारखा. त्या जगात ड्रॅगन आहेत, जसे आपल्याकडे रोही आणि रानडुकरं आहेत. जादू अजिबात नाही. ही इझाबेला लहानपणी बागेत सापडलेला चिमुकला, ड्रॅगनसारखा दिसणारा किडा व्हिनेगरच्या बरणीत घालून ठेवते; मेलेलं कबुतर फाडून त्याचं छातीचं हाड कशाला असतं ते बघते. बायकांनी असलं काही करायचं नाही असा त्या समाजाचा दंडक. ती करते, नवऱ्याला पटवून डोंगराळ मुलखात मोहिमेवर जाते, हाडं मोजते, चित्रं काढते. ड्रॅगन म्हणायचं कशाला, त्याचं वर्गीकरण कसं करायचं, याचे वाद घालते. गावात शापाची आवई उठते तेव्हा ही बाई वही घेऊन खुणा तपासायला निघते. पुढचं सांगत नाही. मधली काही पानं रेंगाळतात, तिच्या समाजातल्या मेजवान्यांचं वर्णन मला तरी जास्त वाटलं. पण लेकीला ड्रॅगन मिळतो आणि तुम्हाला प्रयोगवही मिळते, यापेक्षा चांगला तह कुठला? मालिका पाच पुस्तकांची आहे, पहिलं एकटंही वाचता येतं.

आता तिसरं, आणि इथं मला जरा आपल्या मुलखातून जावं लागेल.

देवगिरीचा किल्ला तुम्ही शाळेच्या सहलीतून नक्की दाखवला असेल. तासून काढलेला उभा कडा, भोवती खंदक, आणि वर जायला ती अंधारी. खडकात कोरलेली, मुद्दाम वळणं घेत जाणारी, पायऱ्या उंचसखल. वाटाड्या पलिता घेऊन पुढे चालतो आणि एका वळणावर विझवतो, तेव्हा पोरं किंचाळतात. शत्रूनं इथवर मजल मारलीच तर त्याची दिशाभूल करायची, अंधारात आपल्याच माणसावर तलवार चालवायला लावायची, आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत सोडायचा. एवढी करामत, आणि मंत्राचा पत्ता नाही. छिन्नी, हातोडा आणि माणसाच्या भीतीचा बारीक अभ्यास. याच गडाची दुसरी गोष्टही सांगतात. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, रामदेवराय यादव गडावर गेला, आणि धान्याची म्हणून जी पोती वर नेली होती ती उघडली तर आत मीठ. अजिंक्य गड मिठानं गेला. कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असं हे कथानक आहे, आणि त्यात काठी कुठेच आपटलेली नाही.

ज्याला ही मिठाची गोष्ट आवडते त्यानं के. जे. पार्कर वाचावा. 'सिक्स्टीन वेज टु डिफेंड अ वॉल्ड सिटी', 2019. साम्राज्याची राजधानी, तटबंदीचं शहर. बाहेर शत्रूची अफाट फौज, आत सैन्य जवळपास नाही, बडे लोक पळून गेलेले. उरलाय कोण, तर ओरहान नावाचा पूल बांधणारा इंजिनिअर. खोटारडा, बनावट शिक्के पाडणारा, लाच देण्यात तरबेज. आणि मुळात गुलाम म्हणून पकडून आणलेला, ज्या जमातीला ते शहर तुच्छ लेखतं तिच्यातला. ज्यांनी त्याला गुलाम केलं त्यांचंच शहर त्यानं वाचवायचं. कसं? दोर किती, लाकूड किती, सुतार किती, पगार कशातून द्यायचा, या हिशोबातून. पानोपानी अडचण येते आणि ती ओळंब्यानं, खिळ्यांनी नाहीतर थापांनी सुटते. कधीकधी सुटतही नाही.

हे वाचताना मला सारखा मलिक अंबर आठवत राहिला. इथिओपियात जन्मलेलं पोर, गुलाम म्हणून विकलं गेलं, दख्खनला येऊन निजामशाहीचा कारभारी झालं, मुघलांना गनिमी काव्यानं जेरीस आणलं. 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर, आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर, शहरात आणून सोडलं. आज त्याच शहरात नळाची वाट बघत बसलेल्यांना ती नहर-ए-अंबरी हीच खरी फँटसी वाटेल. पार्करनं अंबर वाचला होता की नाही याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही; आपण अंबरच्या गावचे असल्यामुळे त्याची कादंबरी आपल्याला दुप्पट कळते, एवढं खरं. पार्कर हे टोपणनाव आहे, मागचा माणूस टॉम होल्ट नावाचा विनोदी लेखक, हे 2015 मध्ये उघड झालं. म्हणूनच माणसं मरत असतानाही ओरहानची जीभ वाकडी चालते. भाषा सोपी आहे, वाक्यं तुटक आहेत, सावकाश वाचणाऱ्याला बरी. शिव्या आहेत, पण नववीच्या वर्गात तुम्ही त्याहून जास्त ऐकत असाल.

सेथ डिकिन्सनचं 'द ट्रेटर बारू कॉर्मोरंट' (2015) फक्त तुमच्यासाठी, लेकीसाठी आत्ता नाही. नायिका हिशोबनीस आहे. तिचं बेट साम्राज्यानं घेतलं ते व्यापारानं, कागदी नोटांनी आणि शाळांनी, आणि तीच मुलगी पुढे त्या साम्राज्याची अधिकारी होऊन दुसऱ्या मुलखातलं बंड मोडते. चलनाची किंमत पाडून. कापूस घातल्यावर पट्टीतून उचल कापून घेणारा आडत्या ज्यानं बघितलाय त्याला हे पुस्तक समजावून सांगावं लागत नाही. शेवट निर्दयी आहे, छळाचे प्रसंग आहेत.

गाय गॅव्हरिएल के यांचं 'द लायन्स ऑफ अल-रसान' (1995) यापेक्षा मायाळू. मध्ययुगीन स्पेनवर बेतलेला काल्पनिक देश, आकाशात दोन चंद्र, तीन धर्मांची माणसं एकाच शहरात, आणि हळूहळू सगळ्यांना बाजू निवडायला भाग पाडणारा काळ. एक वैद्य बाई, एक कवी, एक सरदार. वैद्यबाईचे वडीलही वैद्य. राजाच्या लाडक्या रखेलीला पोट फाडून बाळंत केलं, ती आणि बाळ दोन्ही वाचवले, आणि तिला उघडं बघितलं म्हणून राजानं त्यांचे डोळे काढले, जीभ छाटली. आपल्या निजामी मुलखात ज्यांचे आजोबा उर्दूत शिकले, आणि ज्यांच्या घरी 1948 च्या हैदराबादवरच्या पोलीस कारवाईच्या दोन्ही बाजूंच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांना यातलं शहर परकं वाटणार नाही. एका मुलाला दूरचं दिसतं, बाकी चमत्कार नाही.

मर्विन पीकचं 'टायटस ग्रोन' (1946) घाईत वाचायचं पुस्तक नाही. डोंगराएवढा जुनाट वाडा, त्याचा धनी, आणि रोज सकाळी पोथीत बघून धन्यानं आज काय करायचं ते ठरतं. का करायचं ते कोणालाच माहीत नाही. कर्मकांड आहे आणि देव नाही! तुम्हाला यातली मजा कळेल. मुदपाकखान्यातला एक पोऱ्या निसटून छपरांवर चढतो आणि तिथून वाड्याला सुरुंग लावायला लागतो. इंग्रजी मात्र जड आहे, पावसाळी ढगासारखं अंगावर येतं. दिवाळीच्या सुट्टीशिवाय हात घालू नका.

मराठीत काय, असं तुम्ही विचारलंत. या धाटणीची लांबलचक कादंबरी मराठीत मी सांगावी अशी नाही, पण जी. ए. कुलकर्णी आहेत. 'रमलखुणा' (1975) मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा, आणि 'काजळमाया' (1972) मधली 'विदूषक'. कुठल्याच नकाशावर नसलेली राज्यं, दरबार, वाटा. नियती आणि भविष्याची छाया आहे, मंत्र टाकून सुटका मात्र कोणाचीच नाही. जीएंच्या जगात सुटका तशीही कमीच. लेकीला 'विदूषक' आधी द्या.

हिंदी चालत असेल तर एक गंमत आहे. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता', 1888. दूरदर्शनची मालिका आठवून नाक मुरडू नका. मालिकेत जादूचा नुसता धुरळा होता. मूळ पुस्तकातले अय्यार, म्हणजे वेष बदलून फिरणारे हेर, मंत्र म्हणत नाहीत. त्यांच्या बटव्यात बेशुद्धीची भुकटी, वेषांतराचं सामान आणि कमंद, म्हणजे भिंत चढायचा दोर, असते. बाई अय्यारही आहेत, चपला नावाची एक फार तरतरीत. आणि तिलिस्म म्हणजे यंत्रांचा सापळा : माणसाला गिळणारा दगडी बगळा येतो आणि पुढे त्याची कळही उलगडते. खत्री जंगलाचे ठेकेदार होते, चकिया-नौगढच्या रानात पडक्या गढ्या बघत फिरायचे, त्यातून हे आलं. प्रकरणं छोटी आहेत, लेक एका बैठकीत बरीच उडवेल.

'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (1726) शाळेत संक्षिप्त वाचलं असेल, आता पूर्ण वाचा. त्यातलं उडतं बेट लोहचुंबकावर चालतं, हे तुम्ही वर्गात सांगू शकता. तिसऱ्या भागात जादूगारांचं एक बेट येतं, ती पानं ओलांडून जा.

कोणीतरी तुम्हाला 'गेम ऑफ थ्रोन्स' सुचवेलच, त्यात राजकारणच आहे म्हणून. 1996 च्या पहिल्या पुस्तकापुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे, पुढे जादू वाढत जाते. शिवाय पाचवं पुस्तक 2011 ला आलं आणि मालिका तिथंच लटकलीय. अर्ध्यात सोडलेल्या गोष्टीसाठी एवढी पानं मी तरी कोणाला वाचायला सांगणार नाही.

लेकीलाही एक सवलत द्या. तिच्यासाठी म्हणून कॅथरीन ॲडिसन यांचं 'द गॉब्लिन एम्परर' (2014) वाचा. हवाई जहाज कोसळून बाप आणि मोठे भाऊ गेले म्हणून अठरा वर्षांच्या, घरानं टाकून दिलेल्या पोरावर गादी येऊन पडते. दरबार त्याला गिळायला टपलेला, आणि त्याच्याकडे हत्यार एकच, सभ्यपणा. पहारेकऱ्यांत मंत्र जाणणारे आहेत, आणखी थोडी जादूही आहे, तेवढं पथ्य मोडा. त्या बदल्यात घड्याळजींनी सुचवलेला, वाफेवर चालणारा नदीवरचा पूल मिळतो, आणि भर दरबारात त्याचं प्रात्यक्षिकही. तिच्या जादूवाल्या पुस्तकांबद्दल बोलायची वेळ आली तर 'हे शक्य नाही' म्हणू नका, ते तिलाही माहीत आहे. त्या जादूचा नियम काय, मर्यादा काय, तिची किंमत कोण मोजतं, असं विचारा. नियम सांगता येत नसेल तर ते पुस्तक तीच बाजूला ठेवेल.

सशांचं पुस्तक जुनं आणि लोकप्रिय आहे, जुन्या पुस्तकांच्या दुकानातही मिळून जातं. ड्रॅगनवालं बहुधा मागवावं लागेल. पार्कर मात्र विकत घेण्याआधी फोनवर फुकट मिळतो तेवढा नमुना वाचा. पहिल्या दहा-पंधरा पानांत त्या ओरहानचा आवाज आवडला नाही तर पुढेही आवडायचा नाही, आणि तेवढ्या पैशांत जीएंची दोन पुस्तकं येतात.